लाईट गेली, आली, पण सर्व्हिस उठली नाही: लिनक्सवर काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

"सर, सकाळधरनं काट्याचं वजन येईना झालंय. रात्री लाईट गेलती." वळवाचे पाऊस सुरू झाले की कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावकडून मला असे फोन येतात. कुठे ट्रकच्या वजनकाट्याला जोडलेलं लिनक्स मशीन, कुठे फौंड्रीच्या ऑफिसातला हजेरीचा सर्व्हर, कुठे शाहूपुरीत गुळाच्या पेढीवरचं बिलिंग. मशीन वेगळं, दोष बहुतेक वेळा तोच: प्रोग्रॅम हाताने सुरू केला की व्यवस्थित चालतो, पण मशीन बंद होऊन चालू झालं की आपोआप उठत नाही, किंवा बंद होताना अर्धवट मारला जातो. काट्यावर ट्रकची रांग लागलेली असताना हा दोष शोधणं फार त्रासाचं असतं, म्हणून माझा तपासण्याचा क्रम इथे लिहून ठेवतो आहे.

आज्ञा आणि फाइलींतल्या सूचना उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे चालत राहणारा प्रोग्रॅम. लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करतो तो सिस्टमडी, आणि एखादी सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेलं असतं ती तिची युनिट फाइल. उदाहरणासाठी सर्व्हिसचं नाव 'काटा' धरलं आहे.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ठरवा. निम्मं काम तिथेच होतं.

- बूट झाल्यावर सर्व्हिस बंदच असते, हाताने सुरू केली की दिवसभर चालते.
- कोणीतरी लॉगिन केल्यावरच सुरू होते.
- कधी उठते, कधी नाही. सोमवारी चालली, मंगळवारी नाही.
- सुरू होते, काही सेकंदांत पडते, आणि लॉगमध्ये 'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असं दिसतं.
- बूट दीड मिनिट अडकतं आणि मशीन 'इमर्जन्सी मोड'मध्ये जाऊन थांबतं.
- बंद करताना पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' येतं आणि आकडा ९० सेकंदांकडे सरकत राहतो.
- मशीन बंद-चालू झाल्यावर शेवटच्या काही पावत्या गायब असतात किंवा पावतीवर चुकीची तारीख येते.

दोन मिनिटांच्या, बिनखर्चाच्या तपासण्या

पहिली आज्ञा 'सिस्टमसीटीएल स्टेटस काटा'. तिच्या दुसऱ्या ओळीत फाइलच्या मार्गापुढे 'इनेबल्ड' लिहिलंय की 'डिसेबल्ड' ते बघा. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता सुरू कर, 'इनेबल' म्हणजे दर बूटला सुरू कर. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, आणि मला आलेल्या फोनांपैकी बरेचसे इथेच संपतात. कोणीतरी स्टार्ट केलेलं असतं, ते महिनोन्महिने चालतं, आणि पहिल्यांदा लाईट जाते तेव्हा कळतं की इनेबल कधी केलंच नव्हतं. 'सिस्टमसीटीएल इनेबल --नाऊ काटा' ही एकच आज्ञा दोन्ही करते.

इनेबल करताना मशीनने तक्रार केली किंवा अवस्था 'स्टॅटिक' दिसली, तर युनिट फाइलच्या शेवटी 'इन्स्टॉल' हा भाग नाही असं समजा. इनेबल म्हणजे प्रत्यक्षात एक दुवा तयार होणं. 'वॉन्टेडबाय=मल्टी-यूझर.टार्गेट' ही ओळ नसेल तर तो दुवा कुठे टाकायचा हे सिस्टमडीला कळत नाही. 'मास्क्ड' दिसलं तर ती सर्व्हिस कोणीतरी मुद्दाम बांधून ठेवली आहे. का, ते विचारल्याशिवाय सोडू नका.

मग डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ -एच'. डिस्क शंभर टक्के भरली असेल तर डेटाबेस उठत नाही, लॉग लिहिला जात नाही, आणि दिसणारे सगळे संदेश दिशाभूल करतात. 'डीएफ -आय'सुद्धा बघा. जागा शिल्लक असते पण लहान लहान फाइलींनी आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी एक नोंद) संपलेले असतात, असं हजेरीच्या फोटोंच्या एका फोल्डरने माझ्यासमोर केलेलं आहे.

लॉगिन केल्यावरच सर्व्हिस उठत असेल, तर ती बहुधा डेस्कटॉपच्या ऑटोस्टार्टमध्ये किंवा यूझर सर्व्हिस म्हणून टाकलेली आहे. यूझर सर्व्हिस त्या माणसाच्या लॉगिनबरोबर सुरू होते आणि लॉगआउटबरोबर जाते. 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' आणि पुढे यूझरचं नाव दिलं की ती बूटपासून चालते. पण काट्यासारख्या कामाला मी ते करत नाही, सरळ सिस्टम सर्व्हिस करतो.

यातच आणखी एक बघून घ्या: तोच प्रोग्रॅम क्रॉनटॅबमध्ये (वेळेवर आज्ञा चालवणाऱ्या क्रॉनच्या यादीत) '@रीबूट' लावून किंवा 'आरसी.लोकल' या बूटला चालणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमध्येही टाकलेला आहे का? आधीच्या माणसाने एक उपाय केलेला असतो, नंतरच्याने दुसरा. मग दोन प्रती उठतात, पहिली पोर्ट (प्रोग्रॅमचा नेटवर्कवरचा क्रमांक) पकडते आणि दुसरी 'अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज' म्हणून पडते. कोणती पहिली उठेल हे दर वेळी वेगळं, म्हणून दोष कधी दिसतो, कधी नाही. एकच जागा ठेवा. क्रॉनला कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर हे कळत नाही, त्यामुळे तिथली नोंद काढा.

लॉग वाचा, पण बरोबर बूटचा

'जर्नलसीटीएल -बी -यू काटा' या बूटचा लॉग दाखवतो, '-बी -१' दिलं की मागच्या बूटचा. सकाळी गडबडीत कोणीतरी मशीन पुन्हा रीस्टार्ट केलेलं असतं, म्हणून खरा दोष बहुतेक वेळा मागच्या बूटमध्ये असतो. मागचा बूट दिसतच नसेल तर जर्नल, म्हणजे सिस्टमडीचा लॉग, फक्त मेमरीत राहतो आहे. '/व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर तयार करून 'सिस्टमडी-जर्नलडी' रीस्टार्ट करा. मी नवीन मशीन हातात घेतलं की हे पहिल्याच दिवशी करतो. पुरावाच नसेल तर बाकी सगळे अंदाज.

लॉगमधले काही आकडे पाठ करण्यासारखे आहेत. '२०३/एक्झेक' म्हणजे प्रोग्रॅम सुरूच करता आला नाही. मार्ग चुकलाय, चालवण्याची परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये लिहून सेव्ह केल्यामुळे ओळींच्या शेवटी अदृश्य चिन्ह आलंय. हा शेवटचा प्रकार डोळ्यांना दिसत नाही. 'डॉस२युनिक्स' चालवला की जातो. '२००/सीएचडीआयआर' म्हणजे कामाचं फोल्डर सापडलं नाही, आणि '२१७/यूझर' म्हणजे दिलेला यूझर त्या मशीनवर नाही. रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर प्रोग्रॅम '/होम'मध्ये ठेवला असेल तर एसईलिनक्स या जादा सुरक्षा व्यवस्थेमुळेही २०३ येतो. त्यासाठी एसईलिनक्स बंद करू नका. प्रोग्रॅम '/ऑप्ट' किंवा '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये हलवा आणि फाइलीची सुरक्षा-खूण बरोबर करणारी 'रीस्टोरकॉन' चालवा.

हाताने चालतं आणि बूटला चालत नाही, ते का

तुम्ही टर्मिनलमधून प्रोग्रॅम चालवता तेव्हा तुमचं नाव, तुमचं फोल्डर, तुमचा 'पाथ' (प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी) आणि तुमच्या 'बॅशआरसी'तल्या सगळ्या सेटिंग्ज त्याच्या पाठीशी असतात. शिवाय तोपर्यंत नेटवर्क आलेलं असतं, डिस्क जोडलेली असते, घड्याळ बरोबर झालेलं असतं. बूटच्या वेळी यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. सिस्टमडी प्रोग्रॅम सुरू करतो तेव्हा कामाचं फोल्डर मूळ '/' असतं, यूझर सांगितला नाही तर रूट (सर्वाधिकार असलेला यूझर) असतो, आणि 'बॅशआरसी' वाचली जात नाही. म्हणून सगळं युनिट फाइलमध्ये लिहून द्यायचं. माझी फाइल साधारण अशी असते (यातला पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस):

[युनिट]
डिस्क्रिप्शन=वजनकाटा वाचक
वॉन्ट्स=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस
आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस

[सर्व्हिस]
टाइप=एक्झेक
यूझर=काटा
वर्किंगडिरेक्टरी=/ऑप्ट/काटा
एक्झेकस्टार्ट=/ऑप्ट/काटा/बिन/वाचक
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१०
टाइमआउटस्टॉपसेक=३०

[इन्स्टॉल]
वॉन्टेडबाय=मल्टी-यूझर.टार्गेट

फाइल बदलली की 'सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड'. हे विसरलं की तुम्ही नवी फाइल वाचत असता आणि मशीन जुनी चालवत असतं. पॅकेजबरोबर आलेल्या सर्व्हिसची मूळ फाइल मात्र बदलू नका, 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरा. नाहीतर पुढच्या अपडेटला तुमचा बदल पुसला जाईल.

इंटरनेटवर 'इनिट.डी' या सिस्टमडीच्या आधीच्या पद्धतीचे जुने उपाय अजून खूप सापडतात. सिस्टमडी २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी सुरू केला, आणि डेबियन या लिनक्समध्ये २०१५ च्या आवृत्ती ८ पासून तोच मूळ पर्याय आहे. त्याआधीचा सल्ला आजच्या मशीनवर मिसळलात तर गोंधळ वाढतो.

क्रम आणि गरज

ज्या सर्व्हिस कधी उठतात, कधी नाही, त्यांचा दोष बहुधा इथे सापडतो. 'वॉन्ट्स' आणि 'रिक्वायर्स' सांगतात की काय हवंय. 'आफ्टर' सांगतं की कशानंतर हवंय. फौंड्रीतल्या माणसाला मी असं समजावतो: ओतकामाला साचा लागतो हे एक, आणि साचा ओतण्याच्या आधी तयार लागतो हे दुसरं. नुसतं 'रिक्वायर्स' लिहिलं तर डेटाबेस आणि तुमचा प्रोग्रॅम एकाच वेळी सुटतात. डेटाबेस लवकर उठला त्या दिवशी काम होतं, डेटाबेसला जुन्या नोंदी तपासाव्या लागल्या त्या दिवशी होत नाही. दोन्ही ओळी लिहा.

आणि शक्यतो 'रिक्वायर्स'ऐवजी 'वॉन्ट्स' लिहा. 'रिक्वायर्स' आणि 'आफ्टर' दोन्ही असताना डेटाबेस पहिल्या फटक्यात पडला, तर तुमची सर्व्हिस सुरूच केली जात नाही, आणि जी सुरूच झाली नाही तिला 'रीस्टार्ट'ची ओळ उचलत नाही. 'वॉन्ट्स' असेल तर ती उठते, पडते, दहा सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करते, आणि डेटाबेस आला की चिकटते.

त्या दहा सेकंदांनाही अर्थ आहे. 'रीस्टार्टसेक' दिलं नाही तर सिस्टमडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात पुन्हा सुरू करतो, आणि १० सेकंदांत ५ वेळा पडली की कायमचा हात वर करतो. 'रिपीटेड टू क्विकली' ते हेच. दहा सेकंदांचं अंतर ठेवलं की ती मर्यादा गाठलीच जात नाही. आधीच अडकली असेल तर 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड काटा'.

नेटवर्कचं प्रकरण वेगळं. 'आफ्टर=नेटवर्क.टार्गेट' लिहिलेल्या फाइली मला सगळीकडे दिसतात. त्याचा अर्थ फक्त नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला एवढाच आहे. आयपी मिळाला असं नाही. 'नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट' हवं, तेही 'वॉन्ट्स' आणि 'आफ्टर' दोन्हींत, आणि 'नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन' किंवा 'सिस्टमडी-नेटवर्कडी-वेट-ऑनलाइन' यांपैकी जो तुमच्याकडे लागू असेल तो इनेबल असायला हवा. तरीही लाईट आल्यावर पीसी अर्ध्या मिनिटात तयार होतो आणि फायबरचा डबा, राउटर दोन-तीन मिनिटं घेतात. तेव्हा वाट बघण्याची मुदतही संपून जाते. म्हणून पुन्हा प्रयत्न करत राहणारी सर्व्हिस हाच टिकाऊ उपाय.

काट्याचा इंडिकेटर यूएसबी-सिरियल केबलने जोडलेला असेल तर 'टीटीवायूएसबी०' या नावावर विसंबू नका. प्रिंटरची किंवा दुसरी केबल आधी ओळखली गेली की तोच काटा 'टीटीवायूएसबी१' होतो. '/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी'मधलं नाव बदलत नाही, ते वापरा. आणि 'काटा' हा यूझर डेबियन-उबुंटूवर 'डायलआउट' गटात (सिरियल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या यूझरांत) असला पाहिजे. हाताने 'सुडो' लावून, म्हणजे रूटच्या अधिकाराने, चालवलं की चालतं, म्हणून ही चूक लपून राहते.

बॅकअपची बाहेरची डिस्क 'एफएसटॅब'मध्ये (बूटला जोडायच्या डिस्कांच्या यादीत) असेल तर 'यूयूआयडी'ने (तिच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकाने) लिहा आणि 'नोफेल' जोडा. नाहीतर कोणी डिस्क घरी नेली की मशीन ९० सेकंद तिची वाट बघतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये बसतं. ज्या मशीनला पडदाच नाही, तिथे हे शोधायला अर्धा दिवस जातो. ज्या सर्व्हिसला ती डिस्क खरंच लागते, तिच्या फाइलमध्ये 'रिक्वायर्समाउंट्सफॉर=' लिहून त्या डिस्कचा मार्ग द्या.

पन्नास-शंभर रुपयांचा सेल

पावतीवर जुनी तारीख येते, किंवा बूटनंतर सरकारी पोर्टलशी जोडणी 'सर्टिफिकेट' चुकीचं म्हणून तुटते? 'टाइमडेटसीटीएल' चालवून घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण-सेल संपला असेल तर लाईट गेली की घड्याळ थांबतं. इंटरनेट आल्यावर वेळ बरोबर होते, पण तोपर्यंत सर्व्हिस चुकीच्या तारखेने नोंदी करून बसलेली असते. सेल बदला. ज्या कामात तारखेला कायदेशीर अर्थ आहे, तिथे 'आफ्टर=टाइम-सिंक.टार्गेट' लिहा आणि 'सिस्टमडी-टाइम-वेट-सिंक' इनेबल करा, वेळ जुळवायला क्रोनी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर 'क्रोनी-वेट'. मात्र इंटरनेट नसेल तर सर्व्हिस थांबून राहू शकते, हे मालकाला आधी सांगून ठेवा.

बंद होणं

सुरू होण्याकडे सगळे बघतात. नुकसान मात्र बंद होताना होतं. सिस्टमडी प्रोग्रॅमला आधी 'सिगटर्म' पाठवतो, म्हणजे आवरून घे असं सांगतो. ९० सेकंद वाट बघतो आणि मग 'सिगकिल'ने मारतो. प्रोग्रॅमने सिगटर्म ऐकलाच नाही, तर पडद्यावर तो सरकणारा आकडा दिसतो, आणि समोरचा माणूस कंटाळून पॉवरचं बटण दाबून धरतो. त्याच क्षणी डेटाबेस लिहीत असू शकतो.

आकडा कमी करण्याआधी कोण अडवतंय ते शोधा. तो संदेश सर्व्हिसचं नाव सांगतोच. प्रोग्रॅम तुमचा असेल तर त्यात सिगटर्म आल्यावर फाइल बंद करून बाहेर पडण्याची सोय करा. काही प्रोग्रॅम फक्त 'कंट्रोल-सी' ओळखतात, त्यांना 'किलसिग्नल=सिगइंट' द्या. त्यानंतरच 'टाइमआउटस्टॉपसेक' ठरवा. डेटाबेसचा वेळ कधीही कापू नका. उलट, नोंदी जास्त असतील तर वाढवा. 'किलमोड=प्रोसेस' कुठून उतरवलेलं दिसलं तर काढा, त्याने मूळ प्रोग्रॅम मरतो आणि त्याची पिल्लं पोर्ट धरून मागे राहतात.

बंद होण्याचा क्रम सुरू होण्याच्या बरोबर उलटा असतो. तुम्ही 'आफ्टर=पोस्टग्रेसक्यूएल.सर्व्हिस' लिहिलं असेल, तर बंद होताना आधी काटा थांबतो आणि मग डेटाबेस. ती एक ओळ दोन्ही टोकांना काम करते. बंद होताना बॅकअप पाठवायचा असेल तरी हाच नियम वापरा: 'टाइप=वनशॉट', 'रीमेनआफ्टरएक्झिट=येस', आणि बॅकअपची स्क्रिप्ट 'एक्झेकस्टॉप'मध्ये, सोबत 'आफ्टर=नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट'. 'शटडाउन.टार्गेट'ला टांगलेली स्क्रिप्ट चालेपर्यंत नेटवर्क बहुधा गेलेलं असतं. बॅकअपला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर 'टाइमआउटस्टॉपसेक' वाढवायला विसरू नका, नाहीतर तो मधेच मारला जाईल.

यूपीएस, जिथे पैसे खर्च होतात

यूपीएसला मशीन जोडलेलं आहे म्हणजे सुरक्षित आहे असं नाही. बॅटरी संपत आली हे मशीनला कळलं पाहिजे, त्यासाठी यूपीएसला डेटाची यूएसबी केबल हवी आणि मशीनवर 'नट' हा प्रोग्रॅम. स्वस्त यूपीएसला ते पोर्टच नसतं, खरेदीपूर्वी मागची बाजू बघा. सगळ्या सर्व्हिस थांबायला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा. बॅटरी त्याच्या निदान दुप्पट टिकली पाहिजे.

बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' चालू ठेवा, म्हणजे लाईट आल्यावर मशीन आपोआप उठेल. इथे एक बारीक अडचण आहे. मशीन नीट बंद झालं, पण यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच लाईट आली, तर मशीनच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नाही, आणि ते बंदच राहतं. शेवटच्या टप्प्यात यूपीएसला स्वतःचं आउटपुट तोडायला सांगण्याची सोय नटमध्ये आहे. ती चालू करा आणि प्रत्यक्ष करून बघा.

दुरुस्तीनंतर मी तीन गोष्टी मालकासमोर करतो: साधा रीबूट, राउटर बंद ठेवून बूट, आणि भिंतीतला यूपीएसचा प्लग काढून बॅटरीवर शटडाउन. दर वेळी 'सिस्टमसीटीएल --फेल्ड' रिकामं आलं पाहिजे, फक्त राउटर बंद असताना 'वेट-ऑनलाइन' तिथे दिसू शकतं.

इथे थांबा

जर्नलमध्ये 'आय/ओ एरर' दिसला, किंवा डिस्कची तब्येत सांगणाऱ्या 'स्मार्टसीटीएल -ए'मध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर असेल, तर सर्व्हिसचा विषय संपला. डिस्क जाते आहे. मशीन बंद करा, एफएससीके (फाइल सिस्टम दुरुस्त करणारी आज्ञा) चालवू नका, आणि डेटा काढणाऱ्या जाणकाराला बोलवा. प्रत्येक नव्या बूटने डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होते.

डेटाबेस उठत नसेल आणि बॅकअप नसेल, तर इंटरनेटवर मिळालेली, डेटाबेस जबरदस्तीने उठवणारी 'पीजी_रीसेटडब्ल्यूएएल' किंवा 'इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी' वापरू नका. आधी सगळं फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि डेटाबेसच्या माणसाला फोन करा. रेडमधली (अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या संचातली) एक डिस्क पडली असेल तर कोणती काढायची याबद्दल शंभर टक्के खात्री नसताना हात लावू नका.

मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, यूपीएस फुगलाय किंवा जळका वास येतोय, तर मेन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. पंचगंगेचं पाणी शिरलेलं मशीन चालू करून बघू नका. २०१९ च्या महापुरानंतर आणि पुन्हा २०२१ मध्ये मी हेच सांगत होतो. वाळलंय असं वाटून बटण दाबलं की बोर्डाबरोबर डिस्कही जाऊ शकते. डिस्कसुद्धा घरी उन्हात वाळवू नका, ती तशीच तज्ज्ञाकडे द्या.